पत्र्याच्या पेटीतले कागद : आत्याचे कानमंत्र

बाळा, घरचे जुने कागद सांभाळायला शिकलेलं माणूस हवं असं सगळ्यांचं ठरलं, आणि तू एकदाच 'यात काय आहे?' असं विचारलंस, तेवढ्यावर तुझी नेमणूक झाली. पगार नाही, रजा नाही. सुरतेतल्या लिंबायतच्या दहा बाय पंधराच्या खोलीत कपाट, टीव्ही आणि शिलाई मशीन यांच्यामध्ये जिला कशीबशी जागा मिळाली, त्या पत्र्याच्या पेटीत आपलं सगळं घराणं घड्या घालून ठेवलेलं आहे. तळाला गावचे कागद, मध्ये पोस्टकार्डं, वर सुरतेचे.

मराठी माणूस सुरतेत आधीही आला होता, १६६४ साली आणि पुन्हा १६७० साली, आणि त्याची नोंद इंग्रजांच्या वखारीपासून बखरकारांपर्यंत सगळ्यांनी घेतली. आपण आलो ते ताप्ती लाइनच्या पॅसेंजरने, रीतसर तिकीट काढून. कुणी बहात्तरच्या दुष्काळात, कुणी त्याच्या आगेमागे, संच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, काम करायला. आपल्या येण्याची नोंद कुणी घेतली नाही, म्हणून ही पेटी. आता सांगते ते ऐक, आणि सगळं एका रविवारात उरकायला जाऊ नकोस.

१. पहिल्यांदा पेटी उघडशील तेव्हा नुसतं बघ, आवरू नकोस — घाईत आवरलं, ते कायमचं हरवलं.

२. गठ्ठा ज्याने बांधला त्याच्याच क्रमाने राहू दे, आणि सोडण्याआधी फोनवर त्याचा फोटो काढ — शेतसाऱ्याच्या पावतीत मावशीचं पत्र का गुंडाळलं होतं, हे आज कळलं नाही तरी पुढे दुसरा कागद सापडला की कळतं. तारखेवार लावायची हौस असेल तर वहीत यादी तशी लाव, कागद हलवू नकोस.

३. हात धुऊन, कोरडे करून बस, आणि चहा दुसऱ्या खोलीत ठेव. दुसरी खोली नसेल तर आधी चहा पिऊन घे — कपाचा गोल डाग कुठल्याही शाईपेक्षा जास्त टिकतो.

४. पहिलं वर्षभर काहीही फेकू नकोस, आणि दिवाळीच्या साफसफाईत पेटी वहिनींच्या नजरेआड ठेव — त्यांचा हात झाडूवर चांगला चालतो, पण मोडीतला कागद आणि मुलांनी गिरगटलेला कागद त्यांना सारखाच वाटतो.

५. एक दोनशेपानी वही घाल: क्रमांक, कागद काय आहे, कुणाचा, कुठल्या लिपीत, कुठे सापडला. तोच क्रमांक कागदाच्या मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलने लिही — बॉलपेन पलीकडे उमटतं, आणि शाई ओल लागली की पसरते.

कागद जमवण्याचं वेड खानदेशाला नवं नाही. वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून लोकांच्या माळ्यांवरून दफ्तरं खाली काढायचे. वाईला मिळालेल्या कागदांतून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली निघाला, आणि पुढे असे २२ खंड झाले. ३१ डिसेंबर १९२६ ला ते गेले ते आपल्या धुळ्यात. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे लगेच १९२७ मध्ये उभं राहिलं आणि आजही आहे. पण राजवाड्यांचा रोख मुख्यतः सरदार-जहागीरदारांच्या, मठांच्या आणि वतनदारांच्या दफ्तरांवर होता. आपलं दफ्तर म्हणजे रेशनकार्ड, हजेरीकार्ड आणि सावकाराच्या फिटलेल्या चिठ्ठ्या. त्यासाठी पुण्याहून कुणी चालत येणार नाही. या पेटीचा राजवाडे तूच.

६. कागदाची किंमत त्याच्या शिक्क्यावरून करू नकोस — मोठ्या लाल शिक्क्याचा स्टॅम्पपेपर कधी नुसता उसनवारीचा निघतो, आणि चुरगळलेल्या शाळेच्या दाखल्यात जात, जन्मगाव आणि बापाचं नाव तिन्ही मिळतात.

यावर जरा थांबते, कारण आपल्या लोकांची सगळ्यात जास्त धावपळ इथेच होते. महाराष्ट्रात जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी करायची झाली की अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा विचारतात. म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला, जुना फेरफार, किंवा गाव नमुना १४ मधली जन्ममृत्यूची नोंद, जिला जुनी माणसं कोतवालबुक म्हणतात. सुरतेत जन्मलेल्या पोराला हा कागद सुरतेत मिळत नाही. तो अमळनेरला, शिंदखेड्याला, शहाद्याला जाऊनच काढावा लागतो. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा कालपर्यंत कुणी विचारत नव्हतं अशा मोडी वाचणाऱ्यांच्या दारात रांगा लागल्या. पेटीत तो कागद आधीच असला तर तुझी रांग वाचते.

७. गावी लग्नाला गेलं की एक दिवस तहसील आणि शाळेसाठी राखून ठेव, आणि दाखल-खारीज रजिस्टरची प्रमाणित नक्कल काढ — हळदीच्या दिवशी तुझी तिथे तशीही गरज नसते.

८. प्रमाणित नक्कल हातात आली की कुठल्या कचेरीतून, कुठल्या तारखेला आणि कुठल्या रजिस्टरच्या कुठल्या पानावरून ती निघाली हे वहीत टिपून ठेव — पुढच्या वेळी कारकून 'असं रजिस्टरच नाही' म्हणाला तर पान नंबर सांगता येतो.

९. जमिनीच्या कागदावर जुना सर्व्हे नंबर आणि आजचा गट नंबर दोन्ही लिही — मधल्या काळात एकत्रीकरण झालं, आणि आजोबांचा नंबर घेऊन गेलास तर तलाठी भलत्याच माणसाचं शेत दाखवतो.

१०. जिल्ह्याचं नाव कागदावर असेल तेच उतरव, आजचं नाव शेजारी लिही — आपला मुलूख पश्चिम खानदेश होता, मग धुळे झाला, आणि १ जुलै १९९८ पासून त्यातून नंदुरबार वेगळा निघाला. गाव जागचं हललं नाही, कचेरी तेवढी हलत राहिली.

११. निझर-उच्छलकडचे नातेवाईक असतील तर त्यांचे १९६० आधीचे आणि नंतरचे कागद वेगळे बांध — १ मे १९६० ला तिकडची गावं गुजरातेत गेली, आणि एकाच शेताचा जुना उतारा मराठीत, नवा गुजरातीत असं होऊन बसलं. भावांत भांडण नसताना दोन राज्यांत वाटणी झालेलं घर पाहायचं असेल तर तिकडे जाऊन ये.

१२. मोडीतला कागद वाचता येत नाही म्हणून बाजूला टाकू नकोस — बोरूने हातकागदावर काजळाच्या शाईने लिहिलेलं आपल्या झेरॉक्सपेक्षा जास्त जगतं. वाचून घ्यायला धुळ्याचं राजवाडे मंडळ आहे, आणि पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं. तुझ्याकडे रविवार आहे.

१३. साल दिसलं की आधी कुठलं साल ते ओळख — शकात ७८ मिळव, फसलीत ५९० मिळव, आणि सुरतेच्या शेठच्या चोपडीतल्या विक्रम संवतातून ५६ वजा कर. दिवाळी ते डिसेंबरमधली तारीख असेल तर ५७. नाहीतर पणजोबा स्वतःच्या बापाआधी जन्मलेले निघतात.

१४. १ जून ही जन्मतारीख दिसली की फार विश्वास ठेवू नकोस — शाळेत नाव घालताना मास्तरांनी सोयीने टाकलेली ती तारीख आहे, आणि आपल्या अर्ध्या गावाचा वाढदिवस त्या दिवशी येतो. खरा महिना आजीला विचार. ती 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी' असं सांगेल, आणि तेच बरोबर असेल.

१५. एका माणसाची सगळी नावं एका पानावर मांड: पाळण्यातलं, शाळेतलं, खात्यावरचं, आधारवरचं — गावात सुपडू, शाळेत सुपडा, सुरतेच्या कार्डावर सुरेश, आणि गुजराती कागदावर आडनाव आधी. हे पान वेळेवर हाताशी नसेल तर 'दोन्ही नावं एकाच इसमाची' असा सोगंदनामा, म्हणजे प्रतिज्ञापत्र, प्रत्येक कचेरीसाठी नव्याने करत बसशील.

सुरतेचे कागद दिसायला अगदी फुटकळ. कुणाला वाटेल याचं काय करायचं. माझं ऐकशील तर गावच्या कागदांपेक्षा यांना जास्त जप, कारण गावच्या कागदाची दुसरी प्रत कुठल्यातरी सरकारी कपाटात असण्याचा संभव तरी असतो.

१६. हजेरीकार्ड, पगाराची चिठ्ठी, विम्याचं कार्ड, बोनसची पावती काहीही असो, सांभाळ — यंत्रमागाचं खातं बंद पडलं की मालकाच्या वह्या भंगारात जातात, आणि बारा-बारा तास ताके काढलेल्या माणसाने कधी काम केलं होतं याला दुसरा साक्षीदार उरत नाही.

१७. लाइटबिल आणि वेराबिल (घरपट्टी) दर वर्षाचं एक ठेव, सगळ्यात जुनं मात्र काळजीने वेगळं ठेव — घर कधीपासून तुमचं, हा प्रश्न नेहमी सगळ्यात जुन्या बिलापाशी येऊन थांबतो.

१८. भाड्याच्या खोलीची पहिली चिठ्ठी सापडली तर तिच्यावरचा पत्ता आजच्या पत्त्याशी जुळवून घे — सोसायट्यांची नावं बदलली, गल्ल्यांना नंबर मिळाले, आणि 'खाडीच्या बाजूला, चक्कीच्या मागे' हा पत्ता ओळखणारी माणसं आता थोडी राहिली आहेत.

१९. मनीऑर्डरीच्या फॉर्मखालचा मजकुराचा तुकडा फेकू नकोस — चार बोटं जागेत माणूस काय काय लिहायचा ते बघ: पैसे पाठवले, म्हशीला दाखव, आईला दवाखान्यात ने. ती जुनी कागदी मनीऑर्डर पोस्टाने २०१५ साली बंद केली, तार त्याच्या आधी २०१३ मध्येच गेली.

२०. पोस्टकार्डावरचं तिकीट किंवा शिक्का कुणा हौशी पोराला कापून देऊ नकोस — लिहिणारा तारीख घालायला विसरतो, पोस्टाचा शिक्का विसरत नाही.

२१. लग्नपत्रिका प्रत्येक लग्नाची एक ठेव, आणि साल छापलेलं नसेल तर लिहून ठेव — 'आपले विनीत' आणि 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' यांच्या मध्ये अख्खी भाऊबंदकी गावांसकट छापलेली असते. एवढी वंशावळ फुकटात दुसरं कुणी देत नाही.

२२. मयताची तारीख पत्रांत शोधू नकोस, गंधमुक्तीच्या पत्रिकेवर शोध — दुःखाचं पत्र वाचून लगेच फाडायची आपली रीत, त्यामुळे पेटीत सगळे जन्मलेले दिसतात, गेलेलं कुणी दिसत नाही.

२३. मुलांचे मनपा शाळेचे दाखले आणि प्रगतिपुस्तकं एकत्र ठेव — सुरत मनपाच्या शाळा सात भाषांत चालतात, आणि एका घरात थोरला मराठीत, मधला गुजरातीत, धाकटी इंग्रजीत शिकली असेल तर घर कधी कुठे वळलं ते त्या गठ्ठ्यावर दिसतं.

आता फोटो.

२४. फोटोच्या मागे कडेला हलक्या हाताने पेन्सिलने नावं लिही: डावीकडून उजवीकडे, मागची रांग आधी — नाव नाही पाठीवर, तर काका परका भिंतीवर.

२५. 'आई', 'दादा', 'मी' असं लिहू नकोस, पूर्ण नाव लिही — पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला 'मी' कोण ते कुठून कळणार?

२६. रंगीत फोटो आधी उतरवून घे, काळेपांढरे नंतर — सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या रंगीत फोटोंचा निळा-हिरवा रंग आधी उडतो आणि सगळं वऱ्हाड तांबूस होऊन बसतं. आजोबांचा काळापांढरा फोटो अजून दम धरून आहे.

२७. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नकोस, काचेसकटच त्याचा फोटो घे — ओढलास तर चेहरा काचेवर राहील आणि टोपी तुझ्या हातात येईल.

२८. चिकट पानांचे अल्बम रिकामे कर, पण निघत नसेल तिथे हट्ट करू नकोस — तो गोंद वर्षागणिक फोटोत मुरत जातो, आणि सोडवण्याची वेळ जितकी लांबवशील तितका जास्त कागद घेऊन निघतो.

ठेवायचं कसं, यात आपल्या सुरतकरांची एक गंमत आहे. पॉलिस्टरवर सगळ्या शहराचं पोट, त्यामुळे कागद बांधायला चांगलं सुती कापड शोधत फिरावं लागतं.

२९. बांधायला धुतलेलं, खळ गेलेलं मांजरपाट घे — सुती कापड हवेतली ओल थोडी आपल्या अंगावर घेतं, साडीचं चकचकीत कापड घेत नाही. आणि खळ राहिली की कसर जेवायला येते. पेशवे दफ्तरातले हजारो गठ्ठे कापडाच्या रुमालांतच बांधलेले होते.

३०. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या फायली नकोत — झेरॉक्सची अक्षरं त्यांना चिकटून निघून येतात. पारदर्शक पिशवी हवीच असेल तर पॉलिस्टर फिल्मची घे, ती अभिलेखागारांतही वापरतात. म्हणजे सुरतेचा मान राहिला.

३१. लॅमिनेशन करू नकोस, कुणी कितीही प्रेमाने करून देत असला तरी — उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक परत निघत नाही, आणि कचेरीत साहेबाला शिक्का नखाने तपासायचा असतो.

३२. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नकोस; दोन्ही तुकडे एका पाकिटात ठेव — आज चिकटपट्टी, उद्या कागदाची सुट्टी.

३३. टाचण्या, यू-पिना, स्टेपलरच्या तारा हलक्या हाताने काढ — गंज कागदाला आरपार खातो, आणि नेमका तारखेवर खातो.

३४. आठ घड्यांचा स्टॅम्पपेपर एकदा उलगडलास की सपाटच राहू दे; सुट्या लहान चिठ्ठ्यांसाठी महिधरपुऱ्यात हिरे ठेवतात तशी कागदाची पुडी घडी घालून कर — गोंद लागत नाही, आणि उघडताना काही सांडत नाही.

३५. डांबरगोळ्या नकोत, सुकवलेला कडुनिंब नाहीतर वेखंड कापडाच्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेव — पेटी ज्या खोलीत, त्याच खोलीत लहान मुलं झोपतात. खरं औषध म्हणजे पेटी मधूनमधून उघडणं. उघड्या घरात चोर येत नाही, उघड्या पेटीत उधई येत नाही.

३६. वाळवायचं काम उत्तरायणाच्या आसपास कोरड्या हवेत, घरात पंख्याखाली कर, गच्चीवर नको — ऊन पापडाला, सावली कागदाला. त्या दिवसांत गच्चीवर तसंही पतंगवाल्यांचं राज्य असतं.

पाण्याचं मात्र नीट लक्षात ठेव. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेलं पाणी सुरतेच्या बहुतेक भागात शिरलं, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. लिंबायतला तापीची वाट पाहावी लागत नाही, मिठी खाडी भरली की पुरतं. पाणी विचारून येत नाही, आणि येताना चिखल घेऊन येतं.

३७. पेटी पलंगाखाली ठेवू नकोस, तळमजल्यावर तर नकोच. वरच्या फळीवर, भिंतीपासून चार बोटं सुटी ठेव — ओल खालून जितकी चढते तितकीच भिंतीतूनही येते.

३८. वरच्या फळीवर ठेवलीस तरी पत्र्याच्या गळतीखाली नको, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून नको — वाफ आणि फोडणी दोन्ही कागदाला मानवत नाहीत.

३९. कागद भिजलेच तर ओल्या थप्पीची पानं सोडवू नकोस. थप्पी प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेव — बुरशी दोन दिवसांत धरते, गोठलेल्या कागदाला धरत नाही. मग सवडीने थोडी थोडी काढ, मध्ये कोरे शोषकागद घाल आणि पंख्याखाली वाळव. वहिनी आइस्क्रीमवरून बोलतील, बोलू दे.

४०. चिखल ओला असताना पुसू नकोस — वाळल्यावर मऊ ब्रशने झडतो, ओला असताना कागदाच्या अंगात मुरतो.

४१. भिजलेले फोटो एकमेकांना चिकटून वाळू देऊ नकोस. स्वच्छ पाण्यात हलकेच बुडवून, चेहरा वर ठेवून पसर — तोंडाला तोंड लावून वाळलेले दोन भाऊ पुन्हा सुटत नाहीत.

४२. काजळाच्या शाईच्या कागदाला पाणी लागू देऊ नकोस, धुवायचा तर विचारही नको — तिचा रंग उन्हाने उडत नाही, पण ती डिंकावर बसलेली असते, आणि पाणी लागलं की उठून जाते.

४३. फार मोलाचे दहा-बारा कागद एका हलक्या पिशवीत वेगळे ठेव, आणि ती पिशवी कुठे आहे ते घरात दोघांना माहीत असू दे — सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने लोकांनी रातोरात सुरत सोडलं, २०२० च्या टाळेबंदीतही कित्येक जण तसेच निघाले. अशा रात्री पेटी डोक्यावर घेऊन कुणी स्टेशनवर जात नाही.

४४. उतरवून घेताना फोन कागदाच्या बरोबर वर धर, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, आणि मागची बाजूही घे — मागे लिहिलेला हिशेबच कधीकधी खरा कागद असतो. स्कॅनर मिळाला तर कागदाला ३०० डीपीआय आणि फोटोला ६०० ठेव.

४५. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठव — फोटो म्हणून पाठवलास की तो बारीक होऊन पोहोचतो, आणि चार भावांकडून फिरून आला की शिक्का वाचता येत नाही.

४६. प्रती तीन ठेव: एक फोनवर किंवा ढगात, एक पेनड्राइव्हवर, एक गावच्या भावाकडे — खाडीचं पाणी लिंबायतला येतं, शिरपूरला येत नाही. डिजिलॉकरमध्ये सरकारी दाखले जरूर घे, पण तिथे तू चढवलेला जुना कागद म्हणजे नुसतं चित्र, अस्सल अस्सलच.

४७. कुणी मागितलं तर अस्सल देऊ नकोस, हसून झेरॉक्स दे — दिला कागद तर गेली झोप, दिली झेरॉक्स तर आली झोप.

४८. कागद वाचायला माणसं लागतात, आणि ती श्रावणात कानबाईच्या रोटांना एकत्र येतात. त्या दिवशी फोटोंची एक थप्पी काढून म्हाताऱ्यांच्या मध्ये ठेव — 'हाऊ कोन शे?' एवढं विचारून गप्प बस, पुढचं भांडण तेच करतील. फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेव, आणि त्यांची अहिराणी लिहून काढताना तिला शाळेचे कपडे घालू नकोस.

४९. दोघांनी दोन नावं सांगितली तर दोन्ही लिही, कुणी सांगितली तेही लिही — आज विचारलं तर आजोबा, उद्या विचारलं तर फोटो.

५०. नाशिकला, त्र्यंबकेश्वरला गेलात तर आपल्या तीर्थोपाध्यायांकडची नामावळी बघून ये — गाव आणि आडनाव सांगितलं की कधी पणजोबांच्या हातची सही किंवा अंगठा समोर येतो. दक्षिणा मोकळ्या हाताने दे, पानाचा फोटो मात्र विचारून काढ.

५१. घरातलं न बोलायचं पत्र सापडलं तर फाडू नकोस, आणि व्हॉट्सॲपच्या गटावरही टाकू नकोस. बंद पाकिटात ठेव, वर 'अमक्या सालानंतर उघडावं' असं लिही — आजची लाज पुढच्यांना नुसती माहिती असते, पण आजच्या सुनेला अजून त्याच घरात राहायचं असतं.

५२. भाऊबंदकीत जमिनीचा वाद चालू असेल तर पेटीची यादी सगळ्यांना सारखी दाखव — लपवलेल्या कागदापेक्षा लपवल्याचा संशय महाग पडतो.

५३. लिहिता न येणाऱ्यांचंही काही असलं तर शोध: ओव्या, हिशेबाच्या रेघा, गोधडीवर टाक्यात घातलेलं नाव — बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं, मुलगा सोपानदेव आणि त्यांचा मावसभाऊ यांनी कागदावर टिपून ठेवलं, म्हणून १९५१ साली त्या गेल्यावर ती वही अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ मध्ये गाणी छापली गेली. जळगावच्या घरात कुणी त्या वहीत शेंगा बांधून दिल्या असत्या तर खानदेशाचं केवढं नुकसान झालं असतं.

५४. घरात जपणारं कुणी उरलं नाही असं वाटलं तर जुने मोडी कागद धुळ्याच्या मंडळासारख्या संस्थेला द्यायला लाजू नकोस, पण आधी प्रती काढ, आणि देताना यादीवर पोच घे — दान देताना पावती घेणं यात कमीपणा नाही.

५५. आणि आपल्याही काळाचे कागद कर. एटीएमच्या, दुकानाच्या गुळगुळीत पावत्यांची अक्षरं उडून जातात, म्हणून गरजेच्या पावतीची झेरॉक्स काढ. नोकरीचं पत्र मेलवर आलं असेल तर छापून पेटीत टाक — पासवर्ड वारसाहक्काने मिळत नाही.

५६. तुझ्या लग्नाची पत्रिका नुसती व्हिडिओवर काढू नकोस, थोड्या तरी छापून घे, आणि साल घाल — आत्याचं नाव ऱ्हस्व-दीर्घासकट बरोबर आलं पाहिजे, मागच्या दोन लग्नांत आलेलं नाही.